पालथी पडून ऐकलेली गोष्ट

डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत असतील, मान वळवली की कडेला वीज चमकल्यासारखं होत असेल, तर हे पुढे वाचू नका. उठा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. झोडणी असो, लग्न असो, घरात पाहुणे असोत. माझं लिहिणं कुठे पळून जात नाही. डोळा जातो.

ज्यांना असलं काही होत नाहीये त्यांनी सावकाश वाचावं.

मी सुजाता. माहेर शहापूर, सासर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूचं एक गाव. मी ब्लाउज शिवते. 'शिवायचे' असं म्हणायची पाळी आली होती, ते पुढे येईलच.

कुसळ

दिवाळी होऊन गेली होती आणि खळ्यावर झोडणी चालू होती. भाताचे भारे आपटताना तूस उडतं, ते केसांत जातं, गळ्यात जातं, डोळ्यात तर जातंच. त्यामुळे माझ्या उजव्या डोळ्यापुढे काळं काहीतरी फिरायला लागलं तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही.

"कुसळ गेला असंल," हे म्हणाले. 'हे' म्हणजे माझा नवरा. मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला आहे, झोडणीपुरती रजा टाकून आला होता.

कुसळ काढण्यात माझ्या सासूबाईंचा हातखंडा आहे. हात कसला, जीभ. पापणी उलटवून जिभेच्या टोकानं त्या डोळ्यातलं कुसळ अलगद उचलतात. झोडणीच्या दिवसांत आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं त्यांच्याकडे येतात. मला त्यांनी खळ्यावरच खाली बसवलं, डोळ्यात जीभ फिरवली आणि बोटावर एक कुसळ घेऊन सगळ्यांना दाखवलं.

"निघाला बघ गो. आता काय नाय."

कुसळ निघालेलं सगळ्यांनी बघितलं, आणि तिथेच माझा निकाल लागला. नंतर ठिपके वाढले तेव्हा "आत ओरखडा उठला असंल, पानी मार" असं ठरलं. कडेला वीज चमकायला लागली तर "अशक्तपणा हाय". मग एक दिवस खालच्या कोपऱ्यात सावली आली. पदर आडवा आलाय असं वाटून मी तो बाजूला सारायला गेले. पदर तर कमरेला खोचलेला होता.

त्या दिवशी मी सरळ सांगितलं, की मला दवाखान्यात न्या.

"झोडणी व्हऊ दे, मग जाऊ," हे म्हणाले. "खळं उघडं टाकून कुठं जाशील? आणि कुसळ निघाला ना?"

मी भारे उचलत राहिले. सावली रोज थोडी वर सरकत होती. ती मध्यापर्यंत आली आणि सुईचं नेढं दिसेनासं झालं.

ते कुसळ माझ्या डोळ्यातलं होतं, का सासूबाईंच्या बोटाला आधीपासून चिकटलेलं होतं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. त्या दिवशी खळ्यावर कुणाच्या बोटाला कुसळ नव्हतं? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लगेच दिसतं म्हणतात, तसं ते दिसलं. आतला पडदा सुटत चालला होता तो कुणाला दिसला नाही. त्याचा मला राग आहे. तो गेलेला नाही आणि मी त्याला घालवायला बसलेलीही नाही.

ठाणे

शेवटी मी एकटीच एसटी धरून शहापूरला माहेरी आले. माझी वहिनी प्रज्ञा शाळेत क्लार्क आहे. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, रजेचा फोन केला आणि मला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, "आजच ठाण्याला जा. उद्या नको."

ठाण्याच्या हॉस्पिटलात हे परस्पर येऊन पोचले. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. डोळ्याचा पडदा सुटलाय, मधला भागही सुटलाय, असं त्यांनी सांगितलं. कधीपासून होतंय, विचारलं. मी सांगितलं.

"तेव्हाच आला असतात तर..." असं म्हणून त्या थांबल्या.

डॉक्टर लोकांनी हे वाक्य एकतर पूर्ण करावं, नाहीतर सुरूच करू नये. ह्यांनी मोबाइल काढला आणि त्यात बघत बसले. मला तो हातातून घेऊन फेकावासा वाटला.

ऑपरेशनला भूल फक्त डोळ्यापुरती असते. सगळं ऐकू येतं. मी खूप घाबरले होते. नर्सचा हात धरला तो तिनं शेवटपर्यंत सोडवून घेतला नाही. तिचा चेहरा मी बघितला नाही, नाव विचारायचं राहिलं. त्या हॉस्पिटलातली तेवढी एक गोष्ट मला परत हवी आहे.

शुद्धीवर तर होतेच, तरी जागं झाल्यासारखं वाटलं तेव्हा डॉक्टरबाई समजावत होत्या. डोळ्यात गॅसचा फुगा सोडलाय. तो वर चढतो आणि पडद्याला दाबून धरतो. त्यासाठी तोंड जमिनीकडे पाहिजे. झोपताना, जेवताना, संडासला जाताना, मान खालीच. डॉक्टर सांगतील तोपर्यंत. वॉर्डात अशा आम्ही चारपाच जणी होतो. सगळ्या खाली बघत. नवी नवरीसुद्धा एवढा वेळ मान खाली घालत नाही.

"मग दिसेल ना पहिल्यासारखं?" मी जमिनीला विचारलं.

"फुगा गेल्यावर कळेल," जमिनीच्या बाजूनं उत्तर आलं.

घरी कुठे जायचं हा प्रश्न ह्यांनी चटकन सोडवला. "आमच्याकडं कोण करनार हिचं? झोडणी अर्धी पडलीय. माहेरीच राहू दे."

चुंबळ

हॉस्पिटलनं सांगितली तशी उशी आणायला प्रज्ञा निघाली होती. आई म्हणाली, थांब. तिनं तिचं जुनं लुगडं फाडलं, पिळा घातला आणि हंड्याखाली डोक्यावर ठेवतात तशी चुंबळ केली, पण भाकरीच्या परातीएवढी. तिच्यात कपाळ आणि हनुवटी टेकली की मध्ये तोंड मोकळं. श्वास घेता येई, डाव्या डोळ्याला खालची फरशी दिसे. आई म्हणाली, "जन्मभर ह्याच्यावर पानी वाहिलं. आता तुझा डोळा ठेव."

पहिल्या दिवशी बरं वाटलं. मग मान, मग पाठ, मग छाती. मग डोकं. फरशीवर एक चीर होती. तिचे फाटे किती हे मला तोंडपाठ झालं. वाचता येत नव्हतं, टीव्ही बघता येत नव्हता. आई भरवायची तेव्हा घास खाली पडू नये म्हणून ती जमिनीवर बसून खालून भरवायची. रडायचीही सोय नव्हती. रडले की नाकात जाई आणि ऑपरेशनचा डोळा ठणके.

तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "ताई, तुमचं ते पुस्तक आता मोबाइलवर ऐकायला आलंय. नाटकासारखं केलंय, वेगवेगळे आवाज लावून."

माझं 'ते पुस्तक' म्हणजे 'टाकीवरच्या सातजणी'. धरणात डोह बुडाल्यावर तिथल्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, बेघर होतात, पाइपलाइनमधून वाहत मुंबईला जातात आणि इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्यांत बिऱ्हाडं करतात, अशी ती कादंबरी. माझे वडील, आप्पा, त्याच पाइपलाइनवर कामाला होते. सगळा जन्म शहराचं पाणी राखलं, आणि उन्हाळ्यात आमच्या आळीत टँकर. पाइपलाइनचं चित्र बघून त्यांनी ते पुस्तक माझ्यासाठी आणलं. आम्ही बौद्ध. घरात आसरा, जखीण, भगत कशालाच थारा नव्हता. मी विचारलं होतं, "आप्पा, आपण हे मानीत नाय ना?" ते म्हणाले, "मानायला कोन सांगतंय? वाच." आप्पा गेले. ते पुस्तक मी सासरी नेलं आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. किती वेळा वाचलं ते मोजलेलं नाही.

तर प्रज्ञानं माझ्या कानांत इअरफोनची ती दोन बोंडं घातली.

सातजणी

आधी पाणी ऐकू आलं. लोखंडी पाइपातून जाणारं, लांबून येणारं, घुमणारं. आप्पांबरोबर लहानपणी मी पाइपला कान लावून ऐकलं होतं, तेच. चुंबळीत तोंड खुपसून मी चक्क हसले.

आणि मग थोरली बोलली, आणि माझं डोकं फिरलं. गुळगुळीत, सदाशिव पेठी बाई! "आम्ही इथं राहणार नाही." अगं, शहापूरच्या डोहातली तू, 'आम्ही' म्हणतेस? माझ्या मनातली थोरली घोगऱ्या आवाजाची होती, तमाखूची मशेरी लावणारी. मी मोबाइल बंद करायला हात लांबवला, तो हाताला लागला नाही. म्हणून ऐकत राहिले. तेवढ्यात धाकटी आली. "आमी नाय जानार गो त्या काळ्या टाकीत, आत शेवाळ हाय." ही कोण पोरगी होती देव जाणे, पण ती आमच्याकडची होती. तिच्यासाठी मी थोरलीला माफ केलं.

पुढचे दिवस मी त्या सातजणींच्या जिवावर काढले. एक जण पार्लरमध्ये नोकरी धरते, कारण तिला केस धुवायच्या बेसिनची हौस. एक बड्या सोसायटीच्या पोहायच्या तलावात राहते आणि सेक्रेटरीच्या तळपायाला गुदगुल्या करते. तो किंचाळतो ते इतकं झकास केलं होतं, की मी अख्खी हलले. आई धावत आली. "हसू नको गो, तो फुगा हालंल!" वाचताना ह्या जागी मी नुसती मनात हसायचे. कानाशी माणूस किंचाळला की गोष्ट वेगळी होते. पुस्तक आपण हातात धरतो. इथे मला कुणीतरी धरलं होतं.

जुन्या विहिरीवर टॉवर बांधणारा बिल्डर, त्याच्या गाडीचं दार, रिकाम्या टाकीत घुमणारी सातजणींची कुजबुज. ह्या कानातून त्या कानात जाणारी. आंधळ्यासारखी पडलेली असताना मला अख्खी मुंबई गच्चीवरून दिसत होती. एक भाग संपला की भीती परत यायची. फुगा गेल्यावर काय दिसेल? तर मी पुढचा भाग लावायला सांगायचे.

आणि मी एका प्रकरणाची वाट बघत होते. ते पुढे येणार हे मला माहीत होतं.

पाय

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला यायचं म्हणजे यायचंच. बिस्किटाचा पुडा, शहाळं, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून दुसऱ्या आजाऱ्यांच्या गोष्टी. माझा चेहरा जमिनीकडे, त्यामुळे मला माणसं पायांवरून ओळखावी लागत. आणि साड्यांच्या काठांवरून. त्यातल्या निम्म्यांचे फॉल मीच लावलेले होते. "जयभीम गो सुजाता" म्हणायचे आणि मग विसरून जायचे. पालथं पडलेलं, कानांत बोंडं घातलेलं माणूस लोकांना झोपलेलं वाटतं. ते माझ्या पाठीवरून एकमेकांशी बोलत.

एके दुपारी सासूबाई आल्या. भेगाळलेल्या टाचा, मी शिवलेला फॉल. बरोबर कुणी नव्हतं. ह्यांना रजा नव्हती. मी भाग थांबवून बोंडं काढणार, एवढ्यात त्या आईला म्हणाल्या, "हिच्याच्यानं आता शिलाई काय व्हनार नाय, विहिणबाई. मशीन मनीषाकडं दिली. नुसती पडून गंजून जायची. बाळ्यानंच सांगितलं."

बाळ्या म्हणजे हे. मनीषा म्हणजे माझी धाकटी जाऊ, ती त्याच घरात पलीकडच्या खोलीत राहते. आणि मशीन माझी. आप्पांनी लग्नात दिलेली.

आईचे पाय मागे सरकले.

"कुठली मशीन?" मी खालून विचारलं.

टाचा दचकल्या. "ऐकतीस काय तू?"

"ऐकते. डोळा गेलाय, कान नाय."

"आगो, तुझ्याच चांगल्यासाठी..."

"डॉक्टरनी अजून काय सांगितलं नाय. तुमी सांगितलंत पण."

त्या उठल्या. शहाळं ठेवलं, जयभीम केला, निघाल्या. मी भाग परत लावायला सांगितला. सातजणी बोलत होत्या, मला एक शब्द कळला नाही. रात्री ह्यांना फोन केला. हे म्हणाले, "घरातच हाय ना? कुठं इकली थोडीच." मी फोन ठेवला. बोलण्यासारखं होतं ते सगळं मान वर करून बोलण्यासारखं होतं, आणि मला मान वर करायची परवानगी नव्हती.

न आलेलं प्रकरण

मालिका संपली तेव्हा प्रज्ञा माझ्याजवळ बसली होती. सातजणी जिंकल्या, टॉवर अडला, पाण्याचा आवाज, नावं सांगितली. मी विचारलं, "ह्याच्या पुढचा लाव." ती म्हणाली, "झालं ताई. हा शेवटचा होता."

धाकटी परत जाते ते प्रकरण त्यांनी गाळलं होतं. अख्ख्या पुस्तकातलं ते मला सगळ्यात प्रिय. ते लांब आहे, त्यात मारामारी नाही, कुणी हसत नाही, म्हणून गाळलं असेल. मी ऑपरेशनच्या दिवशी रडले नव्हते, मशीनच्या दिवशी रडले नव्हते. त्या दिवशी रडले. प्रज्ञाला वाटलं डोळा दुखतोय. दुखतही होता.

मग फुगा लहान होत गेला. बाटलीतल्या बुडबुड्यासारखा हलायचा, फक्त मला तो उलटा, खाली तळाशी दिसायचा, आणि एके सकाळी नव्हता. ठाण्याला गेलो. डॉक्टरबाईंनी डावा डोळा झाकला आणि चौकटींचा कागद समोर धरला.

"रेषा सरळ दिसतात?"

"मधे वाकड्या. हलत्या पाण्यातून बघितल्यासारख्या."

"पडदा छान बसलाय," त्या म्हणाल्या. "हे थोडं राहील."

किती थोडं, ते मी विचारलं. त्यांनी खरं सांगितलं, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ह्या डोळ्यानं माणूस ओळखता येईल, वाट दिसेल. बारीक काम होणार नाही. म्हणजे अक्षर नाही आणि टाका नाही. त्यांनी 'तर' म्हटलं नाही. मीच मनात म्हटलं.

सासर

मी परत गेले. का गेलीस, असं प्रज्ञानं विचारलं होतं. घर माझं आहे म्हणून गेले. दुसरं उत्तर तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

माझ्या खिडकीपाशी मशीनच्या चार पायांचे डाग होते आणि वर वाळत घातलेली मिरची. मशीन मनीषाच्या खिडकीत होती. तिचा काही दोष नाही, ती बिचारी माझ्याशी बोलताना नजर चुकवायची. तिनं मला हुक लावायला, काजं करायला दिली. "अक्का, तुमाला जमंल तेवडंच." मी करत होते. दोन्ही डोळे उघडे ठेवले की सुई दोन दिसे, एक सरळ आणि एक वाकडी. उजवा मिटला की एक. हे म्हणायचे, "बघ, जमतंय की." हो, जमतंय.

एका दुपारी मी मशीनचा खण उघडला. बॉबिन, टेप, तेलाची कुपी, आणि खाली आप्पांचं पुस्तक. मनीषानं ते हलवलं नव्हतं. मनीषा शिवत होती, सासूबाई दारात सुपात तांदूळ निवडत होत्या. मी तिथेच भिंतीला टेकून बसले, उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि न आलेलं प्रकरण काढलं. मनातल्या मनात वाचायला गेले तर ओळ निसटत होती. म्हणून मोठ्यानं वाचलं. धाकटीचं बोलणं आलं की आपोआप त्या पोरीच्या आवाजात वाचलं जाई.

धाकटी उलट्या पाण्यानं पाइपातून वर येते. धरणात उतरते. आपला डोह शोधते. डोहाकाठचा दगड शोधते, उंबर शोधते. सगळीकडे पाणीच पाणी, आणि तळ लागत नाही. पहाटेपर्यंत ती धरणाच्या भिंतीवर बसून राहते आणि मग पुन्हा पाइपात शिरते.

मी पान मिटलं. सासूबाईंचा हात सुपात थांबला होता.

"मंग? परत गेली ती शेहराकडं?"

"गेली."

"का गो? तिचाच पानी ना तो?"

"तिचंच."

सासूबाई सुपाकडे बघत राहिल्या. तांदळात काही सापडत नव्हतं. मशीनचा आवाजही केव्हाच बंद पडला होता. मनीषा उठली, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "अक्का, बसा तुमी."

मी उजवा डोळा मिटून सुईखालच्या ब्लाउजकडे बघितलं.

"आधी ही बाही उसव," मी म्हटलं. "वाकडी शिवलीयस."

तिनं उसवली. मग मी बसले.